मास्तरकी सोडलेले मास्तर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

चवथीला पंधरा-वीस दिवस उरले की डिचोलीत काय आणि पेडण्यात काय, गणपतीच्या चित्रशाळांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळू लागतात. चिकणमातीचा आणि रंगांचा वास रस्त्यापर्यंत येतो. लहानपणी आम्हाला एक कोडे पडायचे. इथे फळा नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही, मग ह्या जागेला शाळा का म्हणायचे? थोडे मोठे झाल्यावर उत्तर मिळाले. तिथे मूर्ती तयार होतात आणि मूर्ती करणारेही तयार होतात. आजोबा डोळे रेखतात, मुलगा मुकुट बसवतो, नातू माती मळतो. कारखाना आणि शाळा एकाच छपराखाली.

यंदा ही गोष्ट पुन्हा आठवली ती घरातल्या एका प्रश्नामुळे. आमच्या पुतण्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण केला. गुण चांगले आहेत. एका बाजूला औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत नोकरी आहे. दुसऱ्या बाजूला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घ्यायचा, पुढे आणखी शिकायचे आणि एखाद्या तंत्रनिकेतनात प्राध्यापक व्हायचे, असा विचार आहे. घरात दोन पक्ष पडले. आजीला मास्तरकी बरी वाटते. रविवारची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी आणि समाजात मान. त्याचे वडील काहीच बोलत नाहीत. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली तालुक्यात दारोदार ट्रक उभे राहिलेले त्यांनी पाहिले आहेत. खासगी धंद्याचे नाव निघाले की ते गप्प होतात.

शेवटी प्रश्न आमच्याकडे आला, कारण घरात पहिला डिप्लोमा आमचा. खरे सांगायचे तर सल्ला देण्याचा आमचा अधिकार थोडाच. आमच्या वेळीही हेच दोन रस्ते समोर होते. एका कारखान्यातून बोलावणे होते आणि वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवण्याचे कंत्राटी कामही मिळत होते. आम्ही तिसरा रस्ता धरला आणि सरकारी कचेरीत आलो. तक्रार नाही. घर उभे राहिले, मुले शिकली. पण त्या दोन रस्त्यांचा विचार पुरता करायचा राहून गेला, हेही तितकेच खरे. म्हणून पुतण्याला सल्ला देण्याऐवजी आम्ही त्याला चोर्ला घाटापलीकडच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच इथे थोडी नीट मांडतो.

आमच्याकडे किर्लोस्कर हे नाव माणसाचे आहे हे अनेकांच्या लक्षातच नसते. कुळागरात माडा-पोफळींना पाणी लावायचे असले की किर्लोस्कर सुरू करायचा, एवढेच आम्हाला लहानपणी माहीत. ह्या नावामागे एक ड्रॉइंगचे मास्तर होते आणि त्यांनी मास्तरकी सोडली म्हणून हे सारे घडले, हे आम्हाला फार उशिरा कळले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही ह्याच गावचे. घरचे वातावरण वेदान्ताचे आणि पांढरपेशे. अशा घरातल्या मुलाने शिकावे आणि चांगली नोकरी धरावी, ही त्या काळची रीत. लक्ष्मणाचे मन मात्र पुस्तकांत रमत नसे. त्याला दोन गोष्टींचा नाद होता. एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा यंत्रे कशी चालतात ते पाहण्याचा. भाऊ रामूअण्णा यांनी त्याची बाजू घेतली आणि 1885 साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

तिथे पहिला धक्का बसला. हात चांगला होता, रेषा पक्की होती, पण काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नसे. हा दोष जन्माचा असतो, त्याला औषध नाही. चित्रकाराला रंगच कळत नसतील तर पुढे काय? दुसरा कोणी असता तर गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडला आणि रेषा ठेवली. यंत्रांच्या ड्रॉइंगला रंग लागत नाहीत. तिथे माप लागते, नजर लागते आणि कागदावरचा भाग मनात फिरवून सर्व बाजूंनी पाहता यावा लागतो. ते यंत्रांचे आरेखन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले. ही संस्था 1887 साली निघाली. आज आपण तिला व्हीजेटीआय म्हणतो.

म्हणजे वयाच्या विशीत ते देशातल्या एका नव्या तंत्रशिक्षण संस्थेत मास्तर होते. जागा मानाची, पगार महिन्याचा महिन्याला. आमच्या आजीने ह्याहून चांगले काय मागितले असते?

पण त्यांच्या नोकरीतला एक भाग महत्त्वाचा आहे. ड्रॉइंगचा तास संपला की ते घरी जात नसत. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रे हाताळत, उघडून पाहत, पुन्हा जोडत. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. जे शिकले ते असे, काळ्या झालेल्या हातांनी आणि मिळतील ती परदेशी तांत्रिक मासिके वाचून. संस्थेने त्यांना शिकवण्यासाठी घेतले आणि त्यांनी त्याच संस्थेत स्वतःला शिकवून घेतले. पुढे त्यांनी शिक्षकी सोडली, म्हणून ही वर्षे वाया गेली असे कोणी समजू नये. जो पुढे कारखानदार झाला तो ह्याच वर्षांत घडला.

दुसरी गोष्ट. मास्तरकी चालू असतानाच 1888 साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. सायकल ही त्या काळी नवलाची वस्तू होती. नुसती विकून भागत नसे, ती चालवायलाही शिकवावी लागे. रामूअण्णा फी घेऊन तेही करत. दुकानावरच्या पाटीवर किर्लोस्कर ब्रदर्स असे नाव होते. तेच नाव पुढे जगभर गेले.

मग तो दिवस आला. बढतीची जागा रिकामी झाली होती आणि लक्ष्मणरावांचा हक्क होता. ती जागा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. गोऱ्या साहेबाच्या राज्यात ह्यात नवल नव्हते. असे कितीतरी जणांच्या वाट्याला आले आणि त्यांनी मान खाली घालून पुढचा महिना काढला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक इथे जोर देतात. अपमान झाला, स्वाभिमानी माणूस उठला आणि उद्योगपती झाला. आम्हाला हे अर्धेच वाटते. अपमान झाल्यावर रागाने नोकरी सोडणारी माणसे आम्ही कचेरीत पाहिली आहेत. त्यातली काही सहा महिन्यांनी परत कामाच्या शोधात फिरताना दिसतात. लक्ष्मणराव उठले तेव्हा बेळगावचे दुकान बरीच वर्षे चालू होते, भाऊ पाठीशी होता आणि हातात वर्कशॉपचा सराव होता. अपमानाने दार उघडले, पण दारापलीकडची वाट त्यांनी आधीच तयार करून ठेवली होती.

आणि वाट काही सोपी नव्हती. सायकलींच्या धंद्यात पुढे स्पर्धा वाढली. लक्ष्मणरावांच्या मनात यंत्रे विकण्यापेक्षा यंत्रे घडवण्याचा विचार होता. आजूबाजूला सगळी शेती. म्हणून त्यांनी शेतकऱ्याच्या उपयोगाची अवजारे घ्यायचे ठरवले. आधी गुरांसाठी कडबा कापायचे यंत्र केले, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगराची गोष्ट डिप्लोमाच्या प्रत्येक मुलाने ऐकावी अशी आहे. लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर मातीची वडी उचलून पालथी करतो. त्यामुळे तण गाडले जाते आणि खालची माती वर येते. कागदावर फायदा स्पष्ट होता. पण फाळ मऊ झाला तर मातीत झिजतो आणि फार कडक झाला तर दगडावर आपटून मोडतो. ओतकामात ह्या दोहोंच्या मधले नेमके साधावे लागते. ते पुस्तकात वाचून येत नाही. ओतून, मोडून, पुन्हा ओतून येते.

एवढे करून नांगर तयार झाला तर घ्यायला कोणी नाही. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. ह्या दोन वर्षांचा आम्ही पुष्कळदा विचार करतो. इन्स्टिट्यूटमध्ये असते तर त्या चोवीस महिन्यांत चोवीस पगार झाले असते. मुलाचा जन्मही 1903 चाच. घरी काय बोलणी झाली असतील ती प्रत्येक नोकरदार घराला कळतील.

आता गंमत पाहा. मास्तरकी सोडलेल्या माणसाला इथे पुन्हा मास्तरच व्हावे लागले. पूर्वी समोर बाकांवर मुले होती, आता बांधावर शेतकरी होते. मुलांना शिकायचे असते म्हणून ती वर्गात येतात. शेतकऱ्याला शिकायचेच नव्हते, आणि त्याचे चुकतही नव्हते, कारण वर्षाचे पीक त्याचे जाणार होते. त्याच्या शेतात प्रत्यक्ष नांगरून दाखवणे आणि पीक येईपर्यंत थांबणे, हाच एक धडा उपयोगी होता. हळूहळू पटले आणि मागणी आली.

धंदा जरा मार्गी लागतो तोच दुसरे संकट. बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा हवी होती. कारखाना हलवणे भाग पडले. त्या वेळी औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. लक्ष्मणरावांनी औंधला देवीच्या मंडपाचे काम केले होते, त्यातून ओळख आणि स्नेह होता. राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांचे माळरान. पाण्याचीही चणचण. 1910 साली पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे राहायला गेले. तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात येते. आपल्यापैकी जे वास्कोहून लोंढा-मिरजमार्गे रेल्वेने पुण्याला जातात त्यांच्या वाटेवरच हे स्टेशन आहे.

सोबतीला माणसे कोण होती ते पाहण्यासारखे आहे. रामूअण्णांनी वसाहत आखली आणि सांभाळली. शंभूराव जांभेकर यंत्रकामात तरबेज. मंगेशराव रेगे हिशेब पाहत. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राच्या बाबतीत डोके असे की लक्ष्मणरावांनी त्यांना इंजिनिअर मानले. रखवालीसाठी पूर्वी गुन्ह्यात शिक्षा भोगलेली माणसे ठेवली आणि त्या माणसांनी विश्वास राखला. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा नियम होता. प्रमाणपत्र काय आहे ह्यापेक्षा हाताला काय येते हे विचारणारी ही जागा होती. स्वतः पदवी नसलेला आणि जातीच्या नव्हे पण वर्णाच्या कारणाने डावलला गेलेला माणूस मालक झाल्यावर काय करतो, ते इथे दिसते.

1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. 1926 च्या सुमारास पंप तयार होऊ लागले. 1920 सालीच कारखान्याच्या जाहिरातीचे एक लहानसे पत्रक निघाले, किर्लोस्कर खबर. पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी त्याचे मासिक केले. पुढे स्त्री आणि मनोहर ही मासिकेही तिथूनच निघाली. आमच्या आईच्या पिढीने ती वाचली. नांगराच्या कारखान्यातून मराठी घरांत नवे विचार पोहोचले. मास्तरकी अंगात असली की ती कशीही बाहेर पडते.

लक्ष्मणरावांनी कॉलेजच्या शिक्षणाला कधी कमी लेखले, असे मात्र म्हणता येणार नाही. मुलगा शंतनुराव यांना त्यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये इंजिनिअरिंग शिकायला पाठवले. 1926 साली पदवी घेऊन ते परतले आणि कारखान्यात उतरले. जे आपल्याला चुका करत करत शिकावे लागले ते पुढच्याने पायापासून शिकावे, हा त्यामागचा विचार उघड आहे. शंतनुरावांनी पुढे ह्या उद्योगाचा मोठा विस्तार केला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. 1969 साली जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

असाच एक प्रकार दूरदेशी त्यांच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी घडला होता. जेम्स वॉट हा ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. वर्गात दाखवायचे वाफेच्या इंजिनाचे एक नमुना यंत्र बिघडले म्हणून त्याच्याकडे आले. ते दुरुस्त करता करता त्यात वाफ किती वाया जाते हे त्याच्या ध्यानात आले आणि त्यातून सुधारलेले इंजिन निघाले. पण विद्यापीठात बसून ते इंजिन खाणीपर्यंत पोहोचले नसते. त्यासाठी 1775 साली त्याला बोल्टन ह्या कारखानदाराशी भागीदारी करावी लागली. विद्यापीठाने प्रश्न दिला, कारखान्याने त्याला जगात नेले. दोन्ही नसते तर वॉट दुरुस्तीवालाच राहिला असता.

पुतण्याला हे सांगितले तेव्हा त्याने आम्हाला बरोबर पकडले. म्हणजे कंपनीतच जा असे तुम्ही म्हणता ना, असे त्याने विचारले. तसे आम्ही म्हणत नाही. सगळ्यांना रामूअण्णांसारखा भाऊ नसतो आणि बाळासाहेबांसारखे राजेसाहेबही भेटत नाहीत. आजच्या कंपनीत लागणारा मुलगा काही लक्ष्मणराव होत नाही. तो एका यंत्रासमोर आठ तास उभा राहतो आणि वर्षांमागून वर्षे तेच बटण दाबत राहण्याची भीती खरी आहे. तसेच आजच्या तंत्रनिकेतनातला मास्तर काही फुकटचा पगार खात नाही. मये, पणजी किंवा फर्मागुढीला ज्यांनी आपल्या मुलांना खरे मशीन हाताळायला शिकवले, त्यांच्या हाताखालची मुले आज गोव्याच्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहेत.

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातून आम्हाला जे दिसते ते एवढेच. कारखाना की वर्ग, हा प्रश्न दिसतो तितका मोठा नाही. शिक्षक असताना ते वर्कशॉपमध्ये गेले नसते तर राजीनाम्यानंतर त्यांच्या हाती काहीच उरले नसते. आणि कारखानदार झाल्यावर त्यांनी शिकवणे सोडले असते तर नांगर गोदामातच गंजला असता. एका बाजूला राहून दुसरी बाजू सोडायची नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळले.

म्हणून पुतण्याला आम्ही तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. जिथे जाशील तिथे विचार, की माझ्या हाताला यंत्र लागेल का? मला शिकवणारा कोणी जाणता माणूस तिथे आहे का? आणि चार वर्षांनी माझ्या हाताखाली शिकणारा कोणी असेल का? कंपनीत ह्या तिन्हींचे उत्तर होय असेल तर कंपनीत जा. कॉलेजात असेल तर कॉलेजात जा. कुठेच नसेल तर पगार किती आणि सुट्ट्या किती, ह्यावरून ठरवू नको, आणखी थोडे शोध.

हे प्रश्न त्या वयात आम्हाला कोणी विचारले नाहीत, आणि आम्हीही स्वतःला विचारले नाहीत. आमच्या टेबलावर पंपाच्या निविदा येतात, त्यावर आम्ही सही करतो. पंप उघडून पाहिल्याला किती वर्षे झाली ते सांगायला लाज वाटते. पुतण्याशी बोलणे झाले त्या रविवारी मात्र कुळागरातला जुना पंप बंद पडला होता तो आम्ही दोघांनी मिळून खोलला. सील गेले होते. आमच्या हातून एक नट पाटात पडला, तो त्याने शोधून काढला. संध्याकाळी पाणी सुरू झाले.

त्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. चवथीपर्यंत मुदत द्या, असे त्याने घरात सांगितले आहे. आपला बाप्पा चौदा विद्यांचा जसा, तसा चौसष्ट कलांचाही धनी. चित्रशाळेत त्याची मूर्ती घडते तिथेही विद्या आणि कला ह्यांत कोणी भिंत घातलेली नाही. ह्या घरातल्या आणि प्रत्येक घरातल्या मुलांना ती भिंत न घालण्याची बुद्धी त्याने द्यावी.

गणपती बाप्पा मोरया!